सोंडेत घंटा धरलेला हत्ती

मामा गेले त्याला आता तीन महिने होतील. जो भेटायला येतो तो एकच सांगतो, माणूस शब्दाचा पक्का, तोंडातून खोटं म्हणून निघायचं नाही. मामी तेवढं ऐकते आणि रुमाल तोंडाला लावते. येणाऱ्याला वाटतं रडतेय. रडते पण, नाही असं नाही, पण त्या वाक्याला ती हसत असते. कारण या शब्दाच्या पक्क्या माणसानं बावीस वर्षं तिला एक थाप मारली होती. ती थाप बाहेर कशी आली ते मामा स्वतःच सांगायचे, चारचौघांत, स्वतःची टर उडवत. आता सांगायला ते नाहीत, म्हणून ते सांगायचे तसंच इथं.

तर मामा ट्रक चालवायचे. कागदाच्या गिरणीतून माणसाच्या उंचीचे रोल भरायचे आणि दोन दिवसांच्या रस्त्यावर एक मोठा छापखाना होता तिथं उतरवायचे. रोल सुटला की गाडी कलंडलीच समजा, म्हणून बाकीचे ड्रायव्हर गाणी ऐकायचे आणि मामा आपले मागं रोल बांधलेली साखळी कुरकुरते का ते ऐकायचे. जाऊन येऊन पाच-सहा दिवस. घरी आले की अंघोळ, जेवण, झोप.

मामी घरी बसून शिवणाचं काम करायची. शाळेच्या गणवेशाच्या खिशांवर बिल्ले शिवायचे. एकच शाळा, एकच बिल्ला, दिवसाला दोनशे खिसे. खोलीला एक खिडकी, तिच्यातून समोरची भिंत दिसायची. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट, मामा फेरीवरून आले की ती विचारायची, "अहो, काय काय पाहिलंत?"

मामा म्हणायचे, "रस्ता."

पुढच्या फेरीला परत, "काय पाहिलंत?"

"रस्ताच की."

तिसऱ्या वेळी "रस्ता" म्हटल्यावर मामीचा चेहरा एवढासा झाला. ती परत खिसा घेऊन मशीनवर बसली. मामा सांगायचे, तो चेहरा बघून मला असं झालं की ह्या बाईनं सहा दिवस भिंत बघितली, आणि मी एवढं जग फिरून आलो आणि हिच्यासाठी काही आणलं नाही.

आता रस्त्यात एका वळणावर डोंगरावर पांढरी जैन मंदिरं होती. चार-पाच कळस दिसायचे, ते पण गिअर बदलेपर्यंत, मग झाडी. मामा पटकन बोलून गेले, "अगं हो, विसरलोच! मंदिरं पाहिली. जैन मंदिरं. पांढरीशुभ्र."

मामीनं मशीन थांबवलं. "आत गेलात?"

इथं "नाही" म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण मामा म्हणाले, "मग! आत जाऊनच आलो."

"कसं आहे आत?"

"हत्ती आहे," मामा म्हणाले. "दगडाचा. आपल्या ट्रकएवढा. सोंडेत घंटा धरलीय."

झालं. त्या दिवसापासून दर फेरीला मंदिरात एक काहीतरी निघायला लागलं. कधी पांढरे मोर, कधी कारंजं असलेली बाग, कधी खांबाला वेढे घालून चढलेली वेल, कधी निळ्या काचेचं छत. मामी इतकं बारीक विचारायची की विचारू नका. मोराची मान कुठं वळलीय? कारंज्याभोवती दगड आहेत की कठडा? मामा ठोकून द्यायचे. एकदा सांगितलेलं विसरू नये म्हणून गाडी चालवताना घोकायचे, मान डावीकडं, दगड पांढरे, मान डावीकडं, दगड पांढरे.

त्यांना वाटलं ऐकते आणि सोडून देते. पण मामीनं एक पांढरं जाड कापड घेतलं, पडदा करायला, दोन पलंगपोस होतील एवढं, आणि बिल्ल्यांचं काम उरकलं की त्याच्यावर हातानं भरायला घेतलं. हत्ती आधी. मग मोर. मामा फेरीवरून आले की एक नवीन गोष्ट पडद्यावर चढलेली असायची. बिचारे ओशाळायचे, पण आता खरं सांगायचं कुठल्या तोंडानं? आणि खरं सांगू, आवडायचं पण त्यांना. भांडण झालं तरी ती मंदिराचं विचारायला विसरायची नाही.

मग मामा रिटायर झाले. मुलगी लग्न होऊन त्याच रस्त्यावरच्या पुढच्या गावात राहायला गेली होती, तिनं घर घेतलं, या म्हणाली. मामांनी जुनी छोटी गाडी घेतलेली होती. दोघं निघाली. मामीनं मागच्या सीटवर एक गुंडाळी ठेवली, चादरीत बांधलेली, बाळाला ठेवतात तशी.

"हे काय गं?"

"पडदा. मंदिरात द्यायचा. पुरा झाला ना मागच्या महिन्यात. त्यांना म्हणावं, तुमचंच आहे, भिंतीला लावा."

मामा सांगायचे, बावीस वर्षांत घाटात तीनदा ब्रेक फेल झाले, पण असं धाबं कधी दणाणलं नव्हतं. स्वतःची अब्रू जायची ती जाऊ दे. पण ही बाई तिथल्या लोकांसमोर ते उलगडणार, हा बघा तुमचा हत्ती म्हणणार, आणि ते लोक हसणार. तिच्या बावीस वर्षांच्या कामाला हसणार. ते काही झालं तरी होऊ द्यायचं नव्हतं.

मग सुरू झाली नाटकं. गाडी चाळीसच्या वर जाईना. तासाभरात तीनदा चहा.

"अहो, ट्रक पण आपल्याला ओव्हरटेक करतायत," मामी म्हणाली.

"नवीन ड्रायव्हर आहेत. माज असतो."

"तो तर सायकलवाला होता."

थोडं पुढं गेल्यावर मामा म्हणाले, "मंदिर आज बंद असेल बहुतेक."

"का?"

"मंगळवार ना."

"देवाला मंगळवारची सुट्टी?"

"दुरुस्ती पण चालू होती मागं. परांची बांधली होती."

"मग बाहेरून बघू. चला सरळ. आणि चहा आता बास, तुम्हाला झाडामागं जायला दर वेळी मी थांबून राहायचं का?"

शेवटी वळण आलंच. वर जायला एक फाटा होता, मामा त्या फाट्यानं जन्मात कधी गेले नव्हते. वर पोचल्यावर त्यांनी गाडी लावली ती सरळ एका माणसाच्या शेतात. मामी म्हणाली, "अहो, पार्किंग तिकडं लिहिलंय. बदललं वाटतं?"

"बदललं, बदललं," मामा म्हणाले. "सगळंच बदललंय बघ. आता आतलं पण काय काय बदललं असेल कोण जाणे." ही त्यांना एक आशा सुचली होती.

दारावर एक टोकनवाली बाई बसली होती. चप्पल-बूट घेऊन टोकन द्यायची. तिनं मामांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "पट्टा काढा."

"कसला पट्टा?"

"कमरेचा. चामड्याचं आत चालत नाही. पाकीट पण द्या."

मामीनं मामांकडं पाहिलं. "तुम्हाला माहीत नव्हतं? एवढ्या वेळा आत गेलात ना?"

"तेव्हा... तेव्हा कापडी वापरायचो," मामा म्हणाले.

पट्टा गेला. आता रिटायर झाल्यापासून मामा बारीक झाले होते आणि पँट जुनीच, ट्रकवरची. पट्टा निघाल्यावर ती खाली निघाली. त्यांनी डाव्या हातानं धरली. टोकनवाली म्हणाली, "आजोबा, एक हात मोकळा ठेवा, जिना आहे." मामी म्हणाली, "तुम्ही पँट सांभाळा, पडदा मी घेते." मामांना तोच तर हातात हवा होता, म्हणजे कुठंतरी विसरता आला असता.

आत गेले. मामा सांगायचे, आत पाय ठेवला आणि मी गपगारच झालो. थंड पांढरा दगड, पायाला लोण्यासारखा. खांबच खांब, आणि प्रत्येक खांबावर इतकं बारीक काम की दगडाचं आहे का कुणी सुईनं भरलंय ते कळेना. छताला मधोमध दगडाचं कमळ उलटं लोंबत होतं, एकात एक पाकळ्या. बाहेरच्या ट्रकांचा आवाज सुद्धा येत नव्हता. आणि समोर गाभाऱ्यात मूर्ती, मांडी घालून शांत बसलेली. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं सगळं इथं होतं आणि आपण बावीस वर्षं गिअर बदलत खालून गेलो.

मामी मात्र शोधत होती. ह्या कोपऱ्यात बघ, त्या कोपऱ्यात बघ. एक मंदिर झालं, दुसरं झालं. तिथले पुजारी पांढऱ्या कपड्यात दिवे पुसत होते. मामीनं त्यांना गाठलं.

"महाराज, हत्ती कुठं आहे हो?"

"हत्ती?" पुजारी म्हणाले. "आहे की. या." आणि त्यांनी एका मूर्तीच्या खाली, बैठकीवर, बोटाएवढा कोरलेला हत्ती दाखवला. "ज्या त्या तीर्थंकरांची एकेक खूण असते. ह्यांची हत्ती."

मामीनं वाकून पाहिलं. चष्मा पुसून परत पाहिलं. "हा नाही. मोठा. ट्रकएवढा. सोंडेत घंटा धरलेला."

"असा इथं नाही ताई."

"आधी होता का?"

"मी इथं तीस वर्षं आहे," पुजारी म्हणाले.

मामा एका खांबाच्या मागं सरकायला लागले. मामी वळली. ओरडली नाही, काही नाही. म्हणाली, "अहो, इकडं या. पँट किती वेळ धरून फिरणार? बसा इथं, दोन टाके घालून देते."

सभामंडपाच्या बाहेर ओवरीत एक दगडी बाक होता. मामा बाकाजवळ उभे, मामी बाकावर बसलेली. तिच्या पिशवीत सुईदोरा कायम असायचा. तिनं पँटची कंबर मागून चिमटीत धरली, चूण घातली आणि सुई खुपसली.

"हलू नका, टोचेल."

"नाही हलत."

"किती वेळा आत आला होतात?"

एक टाका पडला.

"अहो, मी विचारतेय."

"अगं, मोजायचं कुणी..."

सुई जरा जास्त आत गेली. "आई गं!"

"सांगितलं ना हलू नका. किती वेळा?"

मामा म्हणाले, "एकदा."

"कधी?"

"आत्ता."

मागं सुई थांबली. मामांना वळून बघता पण येईना, पँट तिच्या हातात, सुई कातडीला लागून. मग ते समोरच्या भिंतीकडं बघत बोलायला लागले, आणि एकदा तोंड उघडलं तर थांबेनात. गाडी थांबवता यायची नाही, भरलेली गाडी वळणावर कोण थांबवणार. रिकामी असली की झोप येत असायची. आणि घरी आलो की तू विचारायचीस काय पाहिलंत. रस्ता पाहिला, रस्ता पाहिला, किती वेळा सांगणार? तुझा चेहरा पडायचा. म्हणून मग.

"मग हत्ती कुठला?" मामीनं मागून विचारलं.

"टायरवाल्याच्या दुकानात कॅलेंडर होतं. त्याच्यावरचा."

"आणि घंटा?"

"ती माझी. म्हणजे मनची."

"मोर?"

"माझ्यापुढं नेहमी एक टँकर असायचा. त्याच्या मागं रंगवले होते."

"निळ्या काचेचं छत?"

"टोलनाक्याचं. प्लास्टिकचं होतं ते."

"वेल?"

"गिरणीच्या कँटीनला होती. खांबावर."

"आणि बाग? कारंजं? गोल पांढरे दगड?"

मामा फार हळू म्हणाले, "पेट्रोल पंप."

मग मागून खूं असा आवाज आला. मामांना वाटलं रडली. मान वळवून बघितलं तर मामी दोरा दातात धरून हसत होती, खांदे हलत होते, चष्मा नाकावर आला होता.

"बावीस वर्षं," ती म्हणाली, "बावीस वर्षं मी पेट्रोल पंप भरला! तो पण रेशमानं!"

"अगं हळू, मंदिर आहे."

"तुम्ही मला सांगता मंदिर आहे?" आणि तिनं त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला, पण हसू काही थांबेना. मग एकदम थांबलं. "मला राग आलाय," ती म्हणाली. "हसतेय म्हणून आला नाही असं समजू नका. मी शेजारणीला सांगितलं, मुलीला झोपवताना सांगितलं, घंटेचा आवाज काढून दाखवला. माझ्याकडं बघा. आता तुम्ही काही सांगितलं तर मी खरं मानू कसं?"

मामा खाली मान घालून उभे राहिले. पँट तेवढी घट्ट बसली होती.

इतक्यात पुजारी किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले. बाकावरची गुंडाळी त्यांना दिसली. "हे काय आहे ताई?"

मामा पुढं झाले, "काही नाही, चादर आहे, जुनी," पण मामीनं त्यांना हातानं बाजूला केलं आणि गाठ सोडली. सगळा पडदा बाकावर, खाली फरशीवर पसरला. पुजारी वाकून बघायला लागले. एक टोक झालं, दुसरं झालं.

"तुमच्या मंदिराचा म्हणून आणला होता," मामी म्हणाली. "पण हा तुमचा नाही. हा ह्यांच्या रस्त्याचा आहे."

पुजारी हसले नाहीत. त्यांनी एका जागी बोट ठेवलं. "हा खालचा पंप ना? टेकडी उतरल्यावरचा? हे पांढरे दगड माझ्या मेहुण्यानं रंगवलेत. दर वर्षी रंगवतो. कारंजं आता बंद आहे, पण अगदी असंच होतं." मग टोकनवालीला हाक मारली, "अगं ये इकडं, आपला पंप बघ!" टोकनवाली आली, तिनं टँकरचे मोर ओळखले. म्हणाली, "हा टँकरवाला माझ्या भावाच्या गल्लीतला." दोघं पडद्यावर रस्ता शोधत बसली, हे काय, ते काय. मामी सांगत होती, आणि सांगताना तिचा आवाज जरा वर चढायला लागला, म्हणजे खुशीत आली की चढायचा तसा. मामांच्या जिवात जीव आला.

"द्यायचा असेल तर ठेवून घेतो ताई," पुजारी म्हणाले. "ओवरीत लावू."

"नाही," मामी म्हणाली. "आता नाही देत. आता मला कळलं हा कशाचा आहे. घरी लावीन." तो आता मामांच्या खोलीत लावलाय, खिडकीसमोर. मामा शेवटचे चार महिने अंथरुणावर होते, तेव्हा डॉक्टर आले तरी त्यांना पडद्यावरचा पंप दाखवायचे.

पुजारी म्हणाले, "बंद करायला दहा मिनिटं आहेत. वरचा मजला बघायचा असला तर बघून घ्या. लहान गाभारा आहे वर. पायऱ्या उभ्या आहेत मात्र."

मामीनं जिन्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडं. "मला नाही जमायचं," ती म्हणाली. मग मामांकडं वळली. "तुम्ही जा. बघून या. आणि खाली येऊन सांगा वर काय आहे. बघू तरी."

मामा गेले. एवढी अवघड परीक्षा त्यांनी लायसन्स काढताना पण दिली नव्हती. पायऱ्या मोजत चढले. वर गेले, बघितलं, धापा टाकत खाली आले. मामी बाकावर पडद्याची घडी घालत बसली होती.

"सांगा."

"एकतीस पायऱ्या," मामा म्हणाले. "अठरावी तुटलीय, तिला सिमेंट लावलंय. वर एवढीशी खोली. मूर्ती आहे, लहान, काळ्या दगडाची. खाली सगळं पांढरं आणि ती एकच काळी."

"पुढं?"

"कोपऱ्यात झाडू आहे. बादली आहे. बादलीत फडकं."

"झाडू?"

"झाडू."

मामी त्यांच्याकडं बघत राहिली. "मंदिर सांगताना झाडू मनानं कोण घालेल," ती म्हणाली. "बरं. मानते. पुढं?"

"जाळी आहे दगडाची. तिच्यातून ऊन पडलंय फरशीवर, ठिपके ठिपके. पुढं काही नाही."

"मूर्तीचे डोळे उघडे आहेत की मिटलेले?"

मामांनी तोंड उघडलं. उत्तर जिभेवर आलेलंच होतं, बावीस वर्षांची सवय, मिटलेले म्हणायचं आणि पुढं ठोकायचं की मिटलेले आहेत पण मिटल्यासारखे वाटत नाहीत. मामी वाट बघत होती. मामांनी तोंड मिटलं.

"बघितलं नाही," ते म्हणाले.

"अगदी समोर होतात ना?"

"होतो. पण धाप लागली होती, नीट बघितलं नाही. थांब, बघून येतो." आणि ते परत जिन्याला लागले.

"आजोबा, बंद करतोय!" पुजारी किल्ल्या वाजवत ओरडले.

"जाऊ द्या हो," मामी म्हणाली. "बघू द्या त्यांना."